‘जातो’ म्हणणारे दत्ताअण्णा

ईशा, निहार,

परवा फोन ठेवताना ईशा म्हणाली, “चल आजी, जाते मी,” आणि माझ्या तोंडून नेहमीप्रमाणे निघून गेलं, “जाते नाही गं, येते म्हणावं.” तिकडून हसू ऐकू आलं. “आजी, मी फोनवर आहे. आले कुठे आणि जाणार कुठे?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर देता आलं नसतं, कारण ते एका माणसाचं वर्णन केल्याशिवाय देता येत नाही. तुमच्या आईला दत्ताअण्णा आठवत असतील. विचारून बघा. बहुधा ती विषय बदलेल.

आम्ही तेव्हा बंगळूरच्या उत्तरेला, येलहंक्याच्या अलीकडच्या एका वसाहतीत राहायचो. वसाहतीत मराठी घरं मोजकीच, त्यांत दत्ताअण्णांचं सर्वांत जुनं. त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. घरी मराठीच बोलायचे, पण ‘थोडं’ला स्वल्प म्हणायचे आणि ‘बरं’ला सरी. भेटेल त्या बाईला अक्का. माझ्या सासूबाईही अक्का, मीही अक्का, आणि प्राथमिक शाळेत जाणारी तुमची आईसुद्धा अक्का.

उंच, वाळकी अंगकाठी. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. मान कायम डावीकडे कललेली, कारण उजवा कान कारखान्यातल्या आवाजाने गेला होता आणि सगळं काम डाव्या कानावर होतं. खिशात लाल रबरी नळीचा एक तुकडा. डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन हिंडतात, तसे हे ती नळी घेऊन हिंडायचे.

नोकरी त्यांनी विमानाच्या कारखान्यात केली. विमान जमिनीवर उभं करून त्याच्या पोटात हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते शोधायचं, हे त्यांचं काम. किती हवा गेली ते यंत्र सांगायचं, कुठून गेली ते अण्णा. नम्रपणा त्यांच्याजवळ नावालाही नव्हता. “माझ्या कानाखालनं गेलेलं विमान वर जाऊन कधी सुस्कारलं नाही,” हे वाक्य आम्ही सर्वांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांनी सुरुवात केली की तुमचे आजोबा हळूच वर्तमानपत्र उघडायचे.

आणि त्यांची ती सवय. आपण घराबाहेर पडताना ‘येतो’ म्हणतो, मग माणूस कोपऱ्यावर चाललेला असो नाहीतर परदेशी. इथले कन्नड लोक तर ‘होग्बर्तीनी’ म्हणतात, जाऊन येतो. दत्ताअण्णा उंबऱ्यावर चपला चढवत स्पष्ट म्हणायचे, “जातो.”

सासूबाईंना ते सोसायचं नाही. “अहो येतो म्हणा! दिवेलागणीची वेळ आहे.”

“जातोय ना मी, अक्का? मग जातो. जाते त्या हवेला आम्ही येते म्हटलं असतं, तर वर माणसं गुदमरली असती.”

आता त्यांचा कान. तुमच्या आईच्या वाढदिवसाला आम्ही हॉलभर फुगे बांधले होते. अण्णा आले, एकेक फुगा गालाला लावत गेले, एका पिवळ्या फुग्यापाशी थांबले आणि म्हणाले, “हा जातोय.” बाकीच्यांसारखाच टुमटुमीत होता तो. केक कापेपर्यंत त्याची वाटाण्याच्या सालासारखी गत झाली. मुलांनी आधी टाळ्या पिटल्या, मग एकजण रडायला लागला. त्याला म्हणे अण्णा गालाला लावून बघतील अशी भीती वाटली.

आणखी एकदा ते आमच्या दारातच थबकले. मी देवापाशी काडी ओढणार, तेवढ्यात म्हणाले, “अक्का, काडी नको.” मला वास आला नव्हता, कोणालाच आला नव्हता. ते थेट स्वयंपाकघरात गेले, गॅसच्या शेगडीमागे वाकले आणि नळी कुठे चिरली आहे त्यावर बोट ठेवलं. त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना दोनदा कॉफी दिली. जाताना ते “जातो” म्हणाले तरी त्या काही बोलल्या नाहीत.

पण तिसरी गोष्ट वसाहतीने विसरली नाही. तुमचे पणजोबा, माझे मामंजी, आजारी होते, पण आदल्या दिवसापासून बरे वाटत होते, उठून बसले होते, पेज मागितली होती. अण्णा भेटायला आले. खुर्चीत बसले, गप्पा चालू होत्या, आणि मध्येच त्यांची मान हळूहळू आणखी कलली. कान मामंजींच्या छातीच्या दिशेने वळला. ते मुद्दाम करत नव्हते, माझी खात्री आहे. ओठ हलले तेवढे मला दिसले. जातंय.

दुसऱ्या दिवशी मामंजी गेले.

मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, पण सासूबाईंनीही पाहिलं होतं. त्यानंतर अण्णा रस्त्याने येताना दिसले की लोक बोलणं आटोपतं घ्यायचे. कोपऱ्यावरचा किराणावाला थट्टेने म्हणायचा, “अण्णा, कान तांदळाकडे करा, माझ्याकडे नको,” आणि हसायचा; पण अण्णा दुकानातून बाहेर पडेपर्यंत श्वास धरून उभा राहायचा. मी पाहिलं आहे.

आता शालिनीताईंच्या गाडीकडे येते.

शालिनीताई आमच्या शेजारच्या बंगल्यात राहायच्या. त्यांचे यजमान भाऊसाहेब बरीच वर्षं इंग्लंडमध्ये होते. परतताना त्यांनी तिथली एक मोठी, उंच, गडद हिरवी गाडी आणली. आज तुम्ही जिला एसयूव्ही म्हणता, तसली. तेव्हा रस्त्यावर अशी गाडी दिसली की माणसं सायकलवरून उतरून बघायची. तिला स्प्रिंगा नव्हत्या. चार चाकांवर हवेने भरलेल्या चार रबरी पिशव्या होत्या आणि त्यांच्यावर गाडी तोललेली असायची. इंजिन सुरू झालं की ती अंग झटकून उठायची. भाऊसाहेबांना चढताना त्रास नको म्हणून मुनियप्पा, त्यांचा ड्रायव्हर, एक बटण दाबायचा, आणि ती उंटासारखी खाली बसायची. बसताना एक लांब सुस्कारा टाकायची.

भाऊसाहेब मागे डावीकडे बसायचे. शालिनीताई बरोबर असल्या तर उजवीकडे. रोज सकाळी काच खाली करून ते म्हणायचे, “येतो गं.” त्यांचा कारखाना बोम्मसंद्र्याला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. एका संध्याकाळी गाडी पोर्चमध्ये येऊन थांबली, मुनियप्पाने मागचं दार उघडलं आणि भाऊसाहेब उतरले नाहीत. वाटेतच कधीतरी ते गेले होते. मुनियप्पा नंतर कितीतरी दिवस एकच सांगायचा, “अम्मा, मी सगळा रस्ता त्यांच्याशी बोलत होतो. मला वाटलं, साहेब ऐकतायत.”

त्यानंतर गाडी पोर्चमध्येच राहिली. मुनियप्पा रोज सकाळी येऊन इंजिन सुरू करायचा, गाडी उठायची, तो ती बाहेरून पुसायचा आणि “होग्बर्तीनी अम्मा” म्हणून जायचा. दिवेलागणीला, पोर्चमध्ये कोणी नसताना, गाडी सुस्कारायची आणि तिचा मागचा डावा कोपरा खाली जायचा. नेमका तेवढाच, कोणीतरी आत चढून बसल्यासारखा. सकाळपर्यंत सगळीच गाडी जमिनीला टेकलेली असायची.

मी ते पहिल्यांदा आमच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा माझ्या हातातली ताटली खाली ठेवायलाही मला सुचलं नाही.

शालिनीताई मात्र बाहेर येऊन पोर्चमधला दिवा लावायच्या. “आले हे,” म्हणायच्या. मग वेताचा मोडा ओढून गाडीशेजारी बसायच्या आणि दिवसभराचं सांगायच्या. नळाला पाणी आलं नाही, मुलाचा फोन आला, असं काहीबाही.

मुलगा अमेरिकेत. त्याने त्यांना तिकडे नेण्याची सगळी तयारी केली होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात दुसरं कोणी नाही. पण शालिनीताईंचं एकच. “ते येतात तोवर मी कशी जाऊ? आल्यावर घरात माणूस नको?” गाडी विकायची म्हटली, तर बोम्मसंद्र्याचे एक कारखानदार बघायला आले, त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी सुस्कारून बसली, आणि ते कॉफी न घेताच निघाले. शेवटी मुलाने आजोबांना गळ घातली. गाडीत हवा गळते आहे एवढं कोणीतरी आईला दाखवून द्या.

आजोबा अण्णांकडे गेले. मला ते रुचलं नव्हतं. ज्या माणसाच्या कानाला लोक घाबरतात, तो कान त्या गाडीला लावायचा?

अण्णा आले ते लग्नाला निघाल्यासारखे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. गाडीखाली सतरंजी घातली, आडवे झाले. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने प्रत्येक पिशवीला, प्रत्येक सांध्याला लावलं. हवा जात असेल तिथे बुडबुडे यायला हवेत. एकही आला नाही. मला म्हणाले, “अक्का, तुमची रेघ सरळ येते. खडू घ्या.” चारही चाकांच्या टायरवर, वरच्या कमानीची कड जिथे येते तिथे, मी पांढऱ्या रेघा मारल्या. गाडी बसली तर रेघ झाकली जाणार.

“ही गाडी लबाड आहे,” ते मला समजावत होते. “हिला सीटखाली मेंदू आहे. उभी असली तरी मधूनमधून जागी होते. एक कोपरा खाली गेला दिसला, की बाकी तिघांची हवा सोडून सगळ्यांना त्याच्याबरोबर करते. चोर एक, आणि सकाळी चौघंही मान खाली घालून उभे. म्हणून आधी मेंदूची वायर काढायची. मग ज्याची गळती त्याचाच कोपरा बसतो.”

वायर काढली. दुपार गेली, दिवेलागण झाली. रेघा जागच्या जागी. सुस्कारा नाही.

शालिनीताई दारात उभ्या होत्या. “आज आले नाहीत,” म्हणाल्या. “परकी माणसं बघून वळले असतील.”

अण्णांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी परत आले. कान लावून दिवसभर पडून राहिले, आणि गाडी ढिम्म. त्यानंतरच्या दिवशी त्यांना ताप होता, आले नाहीत. त्या संध्याकाळी गाडी बसली. मी जाऊन पाहिलं, मागच्या डाव्या चाकावरची रेघ गेलेली होती. अण्णा ताप अंगात घेऊन आले, गाडी भरून घेतली, कान लावला, पुन्हा काही नाही.

“ही मला बघून श्वास धरते,” ते मला हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. इतकी वर्षं लोक त्यांना घाबरत आले होते. आता ते घाबरले होते.

संध्याकाळ होत आली होती. ते गाडीच्या मागच्या काचेतून आत बघत राहिले, बराच वेळ. मग मला हाक मारली. “अक्का, इथनं बघा. काय दिसतं?”

डाव्या सीटवर धूळ बसली होती, सारखी, अस्पर्श. उजव्या सीटवर नव्हती.

ते वळले. “शालिनीअक्का, एक विचारतो. तुम्ही गाडीत बसता काय?”

शालिनीताईंनी आधी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दुपारी. सगळीकडे निजानीज असते तेव्हा. स्वतःच्या जागेवर बसते हो. त्यांच्या नाही. तुम्ही लोक इथे असलात की नाही बसत.”

“आता बसा. स्वल्प वेळ.”

त्या चढून उजवीकडे बसल्या. अण्णा खाली गेले, नळीचं एक टोक कानात, दुसरं मागच्या डाव्या पिशवीच्या घडीशी. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते. आणि गाडीखालून आवाज आला, “जातंय.”

बाहेर येऊन त्यांनी सगळं समजावलं, वर्गात समजावतात तसं. रबर जुनं झालं होतं. पिशवीच्या घडीत एक केसासारखी चीर होती. गाडी रिकामी असली की घडी मिटलेली, चीर बंद. शालिनीताई उजवीकडे बसल्या की गाडी त्यांच्याकडे कलायची, डावी पिशवी ताणली जायची आणि चीर उघडायची. उतरल्या तरी ती पुरती मिटायची नाही. संध्याकाळी गारवा पडला, रबर आखडलं, की उरलेली हवा निघून जायची.

शालिनीताई गाडीच्या दारातच बसून ऐकत होत्या. “म्हणजे मी माझ्या जागेवर बसले की ते त्यांच्या जागेवर बसतात,” त्या म्हणाल्या.

अण्णांनी हात पुसले. “सरी,” म्हणाले. मग, “पण अक्का, हवा जातेय तेवढंच. येत कोणी नाही.”

“तुम्हाला कसं कळणार?” शालिनीताईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. “तुम्हाला साधं ‘येतो’ म्हणता येत नाही, अण्णा. जाणारं तेवढं ऐकू येतं. येणारं तुम्हाला कधी ऐकू आलंय?”

अण्णांनी सतरंजीची घडी घातली, नळी खिशात टाकली आणि घरी गेले. “जातो” सुद्धा म्हणाले नाहीत.

पुढे शालिनीताईंनीच मुलाला फोन करून नवी पिशवी मागवली. अण्णांना निरोप धाडला. “बसवा. बसवल्यावर मी एकदा दुपारी आत बसेन. संध्याकाळी ते आले, तर मी इथून हलत नाही. नाही आले तर मुलाकडे जाईन. मग मला कोणी काही विचारायचं नाही.”

अण्णा पिशवी बसवत होते. माझ्या मनात येऊन गेलं, एखादा सांधा सैल ठेवला तर? इतकीशी हवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तेही त्यांना ऐकू गेलं होतं, आणि पाना आणखी एकदा आवळला.

दुपारी शालिनीताई आत बसून आल्या. दिवेलागणीला आम्ही तिघं पोर्चमध्ये उभे होतो. मी नव्या खडूने रेघ मारली होती. अंधारत गेलं. रेघ हलली नाही. अण्णा खाली वाकले, कान लावला, आणि तसेच राहिले. मग वर आले आणि ‘नाही’ अशी मान हलवली.

शालिनीताईंनी पोर्चमधला दिवा मालवला. “बरं,” म्हणाल्या.

त्या विमानतळावर त्याच गाडीतून गेल्या. मुनियप्पा गाडी चालवायला, त्याच्या शेजारी पुढे डावीकडे अण्णा, मागे उजवीकडे शालिनीताई. मागची डावी जागा रिकामी. त्या दिवशी ती कोणीतरी स्वच्छ पुसली होती. निघताना त्यांनी बंगल्याकडे वळून बघितलं आणि म्हणाल्या, “येते हं.” कोणाला, ते मी विचारलं नाही.

बंगल्याच्या किल्ल्या माझ्याकडे राहिल्या. गाडीला गिऱ्हाईक मिळेपर्यंत मुनियप्पा सकाळी येऊन ती सुरू करायचा. टायरांवर माझ्याकडून पुन्हा रेघा मारून घेऊन अण्णा मला बजावून गेले होते, “एक पिशवी नवी टाकली, बाकी तिन्ही म्हाताऱ्या. आता पुढची डावी कुरकुरते. कधीतरी ती बसेल. घाबरायचं नाही.”

शेवटचे ते आमच्याकडे आले तेव्हा बंगळूरच्या थंडीचे दिवस होते. कॉफी घेतली. विमानाचं वाक्य म्हटलं, आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं, सगळं नेहमीसारखं. मग माझ्या लक्षात आलं, त्यांची मान आज डावीकडे कललेली नव्हती. खाली झुकली होती. हनुवटी छातीला टेकवून ते काहीतरी ऐकत होते.

“काय ऐकताय, अण्णा?”

“काही नाही. स्वल्प गडबड.” ते उठले, उंबऱ्यावर चपला चढवल्या, आणि म्हणाले, “येतो.”

सासूबाई आतल्या खोलीतून लगबगीने बाहेर आल्या. “काय म्हणालात?”

“येतो म्हटलं, अक्का.”

“या, या! शिकलात एकदाचं!” त्यांना केवढा आनंद झाला होता. मला झाला नाही. मी फाटकापर्यंत गेले. ते रस्त्याने सावकाश चालले होते. शालिनीताईंच्या बंगल्यापाशी थांबले, खिशावर हात ठेवून नळी आहे ना ते चाचपलं, आणि पुढे गेले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती.

त्याच आठवड्यात ते झोपेत गेले.

त्यांचे दिवस संपल्यावर एका संध्याकाळी मी शालिनीताईंच्या बंगल्याची खिडकी लावायला गेले होते. पोर्चमध्ये गाडी उभी होती. मी खिडकी ओढली, आणि मागे सुस्कारा ऐकू आला. लांब, सावकाश. वळून पाहिलं तर गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली गेला होता, आणि टायरवरची माझी रेघ दिसत नव्हती.

कारण मला ठाऊक होतं. जुनं रबर, संध्याकाळचा गारवा. अण्णांनी स्वतः सांगून ठेवलं होतं, घाबरायचं नाही म्हणून. मी पदर सावरला, पोर्चमधला दिवा लावला आणि म्हटलं,

“या, अण्णा.”